विश्लेषण : त्र्यंबकच्या बंडातील ‘कोळी कोअर’ काय होती? सीरियातील कुर्दांशी तिची तुलना का होऊ शकते?

डिसेंबर १८५७. त्र्यंबकजवळ कॅप्टन नटॉल या इंग्रज अधिकाऱ्याची छावणी पडली होती. आजूबाजूच्या डोंगरांतून पकडून आणलेले भिल्ल आणि ठाकर कैदी छावणीत होते आणि त्यांना पाहायला गावातली माणसे जमली होती. कैद्यांपैकी पांडू नावाच्या ठाकराने सांगितले, की त्र्यंबकच्याच एका ब्राह्मणाच्या सांगण्यावरून आम्ही उठलो आणि तो माणूस मी दाखवू शकतो. मुलकी अधिकारी चॅपमन याने जमलेल्या बघ्यांना रांगांत उभे केले आणि पांडूला रांगेच्या मागून चालायला लावले. तोंडे नव्हे, पाठी पाहून ओळख पटवायची होती. तोंडावर कापड गुंडाळून उभ्या असलेल्या एका माणसामागे पांडू थांबला. दुसऱ्या कैद्याला तसेच चालवले, तोही तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी खटला चालला, माणूस दोषी ठरला आणि त्याला फाशी देण्यात आली.

नाशिक जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये हा प्रसंग नोंदवला आहे. त्र्यंबक म्हटले की ज्योतिर्लिंग, कुशावर्त, ब्रह्मगिरीची फेरी आणि कुंभमेळा आठवतो. पण याच डोंगरांत १८५७ ते १८६१ या काळात एका आदिवासी जमातीची सशस्त्र पलटण सरकारच्या बाजूने लढत होती. तिचे नाव ‘कोळी कोअर’. सीरियाच्या यादवीत अमेरिकेने कुर्द लढवय्यांना हाताशी धरले, त्यांच्याकडून ‘इस्लामिक स्टेट’चा पाडाव करून घेतला आणि काम झाल्यावर हात आखडता घेतला, ही गोष्ट अलीकडची आहे. तिचा आराखडा मात्र जुना आहे आणि तो सह्याद्रीतही वापरला गेला होता.

त्र्यंबकमध्ये नेमके काय घडले होते?

५ डिसेंबर १८५७ च्या रात्री भिल्ल आणि ठाकरांच्या जमावाने त्र्यंबकच्या सरकारी खजिन्यावर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी त्र्यंबकपलीकडच्या हरसूलची बाजारपेठ लुटली गेली. हरसूल आज त्र्यंबकेश्वर तालुक्यात आहे, तेव्हा तो पेठ संस्थानाचा मुलूख होता आणि लुटणारे बहुतांश पेठकडचे कोळी होते. तिथून वणवा पेठपर्यंत गेला. पेठचा राजा वारल्यावर संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली चालला होता. गादीवर हक्क सांगणारे भगवंतराव नीळकंठराव हे बंडाच्या केंद्रस्थानी आले.

या उठावाची सुरुवात मात्र त्र्यंबकला झालेली नव्हती. ती दोन महिने आधी सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोटे इथे झाली. भागोजी नाईक हा भिल्ल पुढारी पूर्वी नगर जिल्ह्याच्या पोलिसांत नोकरीला होता. १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा या आरोपांवरून त्याला शिक्षा झाली. सुटल्यावर चांगल्या वर्तणुकीसाठी जामीन मागण्यात आला. ती मुदत संपल्यावर थोड्याच दिवसांत त्याने गाव सोडले आणि पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या टेकडीवर पन्नासेक माणसे जमवली. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री त्याला पकडायला गेला आणि गोळी लागून मेला. याच हेन्रीच्या जागी नटॉल आला. १८ ऑक्टोबरला अकोले तालुक्यातल्या समशेरपूरच्या डोंगरात चकमक झाली, तीत चॅपमनही जखमी झाला. त्र्यंबकच्या छावणीत रांगा लावणारा अधिकारी तोच.

कोळी कोअर म्हणजे कोण?

इथे एक खुलासा आवश्यक आहे. हे कोळी म्हणजे किनाऱ्यावर मासेमारी करणारे कोळी नव्हेत. अकोले, इगतपुरी, त्र्यंबक, जुन्नर, आंबेगाव या घाटमाथ्याच्या पट्ट्यात राहणारे ते महादेव कोळी. नाचणी-वरईची शेती करणारी, जंगलावर गुजराण करणारी आणि डोंगरी किल्ल्यांच्या राखणीचा पिढीजात अनुभव असलेली ही जमात आहे.

नटॉलने या लोकांची पलटण उभी करायला १८५७ च्या अखेरीस सुरुवात केली. आरंभी शे-सव्वाशे माणसे होती, पुढे संख्या ६०० पर्यंत नेण्यात आली. सैनिक कोळी, हाताखालचे अधिकारी कोळी, वर इंग्रज सेनाधिकारी अशी तिची रचना होती. राजूरकडचा जावजी नाईक बांबळे हा कोळ्यांचा मुख्य नाईक पलटणीचा प्रमुख म्हणून नेमला गेला. गॅझेटियरच्या नोंदीनुसार अधिकाऱ्यांत राघोजी भांगरे यांचा एक भाऊही होता. ही गोष्ट सहज वाचून पुढे जाण्यासारखी नाही. राघोजी भांगरे यांना इंग्रजांनी २ जानेवारी १८४८ रोजी पंढरपुरात पकडले आणि त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर चढवले. म्हणजे जेमतेम दहा वर्षांपूर्वी ज्या सरकारने भावाला फाशी दिली, त्याच सरकारची बंदूक दुसऱ्या भावाने खांद्यावर घेतली.

पलटणीचा गणवेशही डोंगराला साजेसा होता. गडद हिरवे पागोटे, त्याच रंगाचा अंगरखा, गुडघ्यापर्यंतचे काळपट तांबडे धोतर आणि पायात चपला. तंबू नाहीत, सामानाचे गाडे नाहीत. प्रत्येकाने आपले बिऱ्हाड पाठीवर घ्यायचे, स्वयंपाकाची भांडी आपसात वाटून न्यायची, चार-सहा जणांनी मिळून शिजवून खायचे. असे हे लोक अवघड वाटेने दिवसाला तीस-चाळीस मैल चालत. मुक्कामाला पोहोचल्यावर आधी बंदूक पुसत आणि मग चुलीकडे वळत.

इंग्रजांना कोळीच का हवे होते?

पहिले कारण भूगोलाचे. त्र्यंबकपासून हरिश्चंद्रगडापर्यंतच्या रांगांत कोणत्या घळीत बारमाही पाणी आहे, कोणती वाट कोकणात उतरते, पावसात कोणता ओढा अडवतो हे नकाशावर नव्हते. बूट घातलेली पायदळी पलटण डोंगराच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत बंडखोर कडा चढून जात.

दुसरे कारण विश्वासाचे, खरे तर अविश्वासाचे. १८५७ च्या उन्हाळ्यात उत्तरेत शिपायांच्या पलटणी फुटल्या होत्या. मुंबई इलाख्यातही ३१ जुलैला कोल्हापुरात २७ व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीने बंड केले होते. नेहमीच्या शिपायांवर किती विसंबायचे हा प्रश्न असताना, त्या शिपायांशी नातेगोते नसलेली डोंगरी माणसे सरकारला सोयीची वाटली.

तिसरे कारण गॅझेटियरमध्ये उघडपणे दिले आहे. भिल्ल आणि कोळी यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर आहे, कोळ्यांना भिल्लांशी लढायची संधी हवीच होती, असे इंग्रज लेखक सांगतात. हे विधान जपून वाचायला हवे. दोन जमातींत कुरबुरी असणारच. पण त्र्यंबकच्या उठावात भिल्ल आणि ठाकर एकत्र होते, हरसूल-पेठला कोळी बंडात होते, आणि भागोजी नाईकाविरुद्ध दुसरे कोळी लढत होते. जमातीनुसार सरळ रेघ कुठेच पडत नव्हती. रेघ ओढली ती भरतीच्या यादीने.

कोळ्यांना हाताशी धरण्यामागे आणखी एक हिशेब होता. १८२८ पासून १८४८ पर्यंत या पट्ट्यात जी मोठी बंडे झाली, त्यांचे नेतृत्व कोळ्यांकडेच होते. पुन्हा तेच पुढारी उठण्याआधी त्यांना पगारावर घेतले तर दोन्ही कामे साधतात. बंड मोडायला माणसे मिळतात आणि बंड करू शकणारी माणसे छावणीत राहतात. पुढे गॅझेटियरच्या लेखकानेही पलटणीचे यश मोजताना हाच मुद्दा मांडला आहे.

मग कोळ्यांनी ही बंदूक का घेतली?

त्यांना ‘फितूर’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. उत्तर मात्र १८१८ मध्ये शोधावे लागते. मराठेशाहीत घाटमाथ्यावरच्या किल्ल्यांच्या शिबंदीत कोळ्यांना कायमचे स्थान होते. त्यांच्या नाईकांना गावांचे हक्क आणि मान होता. नाईक बिथरला तर तो दरोडेखोर ठरे, समेट झाला तर तोच सरकारी अंमलदार होई. अठराव्या शतकातला जुना जावजी बांबळे हे त्याचे ठळक उदाहरण. बराच काळ पेशव्यांच्या फौजांना हुलकावण्या देणाऱ्या या माणसाशी शेवटी समेट झाला आणि राजूरच्या बाजूची साठ गावे त्याच्याकडे सोपवली गेली.

एप्रिल १८१८ मध्ये त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांनी घेतला. घाटातले बाकीचे किल्लेही पडले. शिबंदी काढून टाकली गेली, तटबंदी आणि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या गेल्या. शेकडो घरांतला पगार एका झटक्यात थांबला. जुने हक्क कमी झाले किंवा गेले. १८२८-३० मधले रामजी भांगरे यांचे बंड आणि पुढे राघोजींचे बंड या दोन्हींची मुळे त्यात आहेत. राघोजींच्या काळात त्यात सावकारी पाशाची भर पडली.

अशा घरांतल्या तरुणाला १८५७ मध्ये पगार, हत्यार आणि नाईकाच्या हाताखालची जागा मिळत होती. आजोबांचे किल्ल्यावरचे काम वेगळ्या रूपात परत येत होते. नाईकांच्या दृष्टीने पाहिले तर सरकार पुन्हा आपल्याशी समेटाची भाषा बोलते आहे, असा याचा अर्थ निघत होता. मराठेशाहीत असा समेट टिकाऊ असे. या वेळी तो किती टिकणार, हे कोणी लिहून दिलेले नव्हते.

पेठमध्ये कोळ्यांविरुद्ध कोळी कसे उभे राहिले?

या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका प्रसंग पेठचा आहे. बंडखोर पेठवर चालून आले तेव्हा तिथे लेफ्टनंट ग्लासपूल आणि कोळी कोअरचे ३० शिपाई होते. बाहेर जमाव मोठा होता आणि त्यात पेठचे कोळी होते. आत तीस कोळी बंदुका घेऊन बसले होते. ते हटले नाहीत. दारूगोळा जवळजवळ संपला असताना नटॉलची कुमक येऊन पोहोचली आणि वेढा उठला. भगवंतराव नीळकंठराव आणि त्यांच्या साथीदारांना पुढे फाशी देण्यात आली. संस्थान आणखी काही वर्षे नावापुरते राहिले, १८७८ मध्ये तेही खालसा झाले.

त्या तीस जणांनी दारे उघडली असती तर काय झाले असते, याचा अंदाज इंग्रज अधिकाऱ्यांना होता. पलटण नवी होती, कवायत पुरती झाली नव्हती, समोर आपल्याच बोलीत हाका मारणारी माणसे होती. त्यानंतर कोळ्यांच्या निष्ठेविषयी सरकारी कागदांत शंका उरत नाही.

पुढची दोन वर्षे कोअर भागोजी नाईकाच्या मागावर होती. ५ जुलै १८५९ रोजी संगमनेरच्या आग्नेयेला आठ मैलांवरच्या अंभोऱ्याच्या दऱ्यात तिने भिल्लांचा तळ गाठला. भागोजीचा मुलगा यशवंत त्यात मारला गेला, हरजी नाईक हा दुसरा पुढारी पकडला गेला. भागोजी निसटला. अखेर नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या मिठसागरेजवळ नदीच्या पात्रात पोलीस अधिकारी फ्रँक सूटर याच्या तुकडीने त्याला घेरले. हातघाईच्या लढाईत भागोजी आणि त्याचे बहुतेक साथीदार ठार झाले. पंचवीस महिन्यांचा पाठलाग तिथे थांबला. कोळी पलटणीचे जे मुख्य कारण होते, तेही तिथेच संपले.

सीरियातील कुर्दांची गोष्ट काय आहे?

कुर्द हे तुर्कस्तान, सीरिया, इराक आणि इराण या चार देशांत विभागलेले, स्वतःचे राष्ट्र नसलेले लोक. डोंगराशिवाय आपल्याला मित्र नाही, अशी त्यांच्यात म्हणच आहे. सीरियात ते लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या आसपास. १९६२ मध्ये हसाका प्रांतात झालेल्या खास जनगणनेनंतर सुमारे एक लाख २० हजार कुर्दांचे नागरिकत्वच काढून घेण्यात आले. शाळेत त्यांच्या भाषेला जागा नव्हती.

२०११ मध्ये सीरियात बशर अल-असद यांच्याविरुद्ध उठाव झाला आणि त्याची यादवी झाली. जुलै २०१२ मध्ये असद यांच्या फौजा उत्तरेकडच्या अनेक कुर्द गावांतून मागे गेल्या. ती पोकळी भरली ‘वायपीजी’ या कुर्द मिलिशियाने. या नावाचा अर्थ लोकसंरक्षण दले. स्त्रियांची ‘वायपीजे’ ही वेगळी शाखा होती. सप्टेंबर २०१४ मध्ये इस्लामिक स्टेटने तुर्कस्तानच्या सीमेवरच्या कोबानी शहराला वेढा घातला, तेव्हा जगाचे कॅमेरे या लढवय्यांकडे वळले. वरून अमेरिकी विमानांचे हल्ले, खाली गल्लीबोळांत कुर्द लढवय्ये, अशा चार महिन्यांच्या लढाईनंतर जानेवारी २०१५ मध्ये शहर वाचले.

अमेरिकेला आपले सैनिक उतरवायचे नव्हते आणि कुर्दांना आकाशातून मदत हवी होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये अरब आणि इतर गटांना सोबत घेऊन ‘सीरियन डेमोक्रॅटिक फोर्सेस’ म्हणजे ‘एसडीएफ’ उभे राहिले, त्याचा कणा मात्र वायपीजीच होता. २०१७ मध्ये अमेरिकेने कुर्दांना थेट शस्त्रे देण्यास मंजुरी दिली. त्या ऑक्टोबरमध्ये रक्का पडले. मार्च २०१९ मध्ये बागूझ इथे इस्लामिक स्टेटचा शेवटचा टापू गेला. या लढाईत आपले सुमारे ११ हजार लोक कामी आले, असे एसडीएफ सांगते.

अडचण अशी होती, की तुर्कस्तानच्या लेखी वायपीजी म्हणजे ‘पीकेके’चीच शाखा. पीकेके ही तुर्कस्तानात १९८० च्या दशकापासून सशस्त्र लढा देणारी कुर्द संघटना, आणि खुद्द अमेरिकेच्याही दहशतवादी यादीत तिचे नाव होते. एका हाताने नाटोतला मित्रदेश सांभाळायचा आणि दुसऱ्या हाताने त्याच्या शत्रूला बंदुका द्यायच्या, ही कसरत फार काळ चालणार नव्हती. २०१८ च्या सुरुवातीला तुर्की फौजांनी आफ्रीन घेतले. ऑक्टोबर २०१९ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सीमेवरचे अमेरिकी सैनिक मागे घेतले आणि तुर्कस्तानने आणखी एक पट्टा ताब्यात घेतला. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीला कुर्द आपल्या मदतीला आले नव्हते, असेही ट्रम्प त्या वेळी म्हणाले. नटॉलच्या वरिष्ठांनी असे काही म्हटल्याची नोंद नाही, एवढे त्यांच्या बाजूने सांगता येईल.

दोन्हींत साम्य किती, फरक किती?

साम्य मुख्यतः मोठ्या सत्तेच्या वागण्यात आहे. दोन्हीकडे बाहेरच्या सत्तेला डोंगर किंवा गल्ली माहीत नव्हती, आपली माणसे खर्ची घालायची नव्हती. दोन्हीकडे असा समाज निवडला गेला ज्याच्या मनात जुनी सल होती आणि ज्याच्या हातात हत्यार चालवण्याची परंपरा होती. करार दोन्हीकडे लढाईपुरता होता. लढाईनंतरची जमीन, हक्क, भाषा, कारभार यांतले काहीही त्यात नव्हते.

फरक कुर्दांच्या बाजूने मोठा आहे. वायपीजी कुणी परक्या अधिकाऱ्याने उभी केलेली पलटण नव्हती. तिच्यामागे पक्ष होता, विचारसरणी होती, तुर्कस्तानातल्या तुरुंगात असलेला अब्दुल्ला ओजलान हा नेता होता. तिने जिंकलेल्या भागात आपले नागरी प्रशासन चालवले, कुर्दिश भाषेच्या शाळा काढल्या, इस्लामिक स्टेटचे हजारो कैदी सांभाळले. त्यामुळे अमेरिका बाजूला झाल्यावरही वाटाघाटीसाठी तिच्या हातात काहीतरी होते. डिसेंबर २०२४ मध्ये असद यांची राजवट कोसळली, तेव्हा नव्या सरकारला कुर्दांशी बोलावे लागले. १० मार्च २०२५ रोजी अंतरिम अध्यक्ष अहमद अल-शरा आणि एसडीएफचे प्रमुख मजलूम अब्दी यांनी एसडीएफला सीरियाच्या राष्ट्रीय सैन्यात सामावून घेण्याच्या करारावर सही केली. कुर्द हे या देशाचे मूळ घटक आहेत आणि त्यांना नागरिकत्वाचा हक्क आहे, हे त्यात लिहिले गेले. करारावरून नंतर पुन्हा चकमकी झाल्या, ही गोष्ट वेगळी. पण सामावून घ्यायचे ते गटागटाने की एकेकट्याने, हा वाद तरी त्यांना घालता आला. गटाने गेले तर आपले अधिकारी आणि आपला मुलूख काही प्रमाणात राहतो. एकेकटे गेले तर राहते ती फक्त नोकरी.

कोळी कोअरचे पुढे काय झाले?

कोळी नाईकांसमोर हा प्रश्न कुणी ठेवलाच नाही. भागोजी मारला गेल्यावर कोअर काही काळ नाक्यानाक्यांवरच्या पहाऱ्यासाठी वापरली गेली आणि मार्च १८६१ मध्ये मोडण्यात आली. थोडे जण पोलिसांत घेतले गेले. बाकी सगळे शेतीकडे आणि मजुरीकडे परतले. सरकारी लेखकांनी कौतुकात हात आखडला नाही. दोन वर्षांच्या लढाईत या लोकांनी एकदाही पाठ दाखवली नाही, ते शिस्तीचे आणि धाडसाचे निघाले, असे त्यांनी नोंदवले. शेजारच्या खानदेशात १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने उभारलेली भिल्ल कोअर मात्र अनेक दशके टिकली, कारण तिथे सरकारला भिल्लांना कायमचे गुंतवून ठेवायचे होते. सह्याद्रीत तेवढी गरज वाटली नाही.

घरी परतलेल्या शिपायासमोर काय होते? नाचणीचे तुकड्यातुकड्यांचे उतार, साऱ्याचा रोख हप्ता आणि तो भरण्यासाठी सावकाराचे दार. जंगलावर सरकारी खात्याचा हक्क पक्का करणारे कायदे १८६५ आणि १८७८ मध्ये आले. राबासाठी झाडाच्या फांद्या तोडणे हेदेखील गुन्ह्यात मोडू लागले. आज त्र्यंबक, पेठ, अकोले भागात २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जमिनीचे दावे दाखल होतात, त्यांची सुरुवात याच काळातली आहे.

आजच्या स्मरणात या इतिहासाची एकच बाजू आहे. राघोजी भांगरे आणि भागोजी नाईक यांच्या जयंत्या, पुण्यतिथ्या साजऱ्या होतात आणि ते योग्यच आहे. पेठच्या वेढ्यात आत असलेले तीस जण आणि त्यांच्यासारखे सहाशे जण कुणाच्याच यादीत बसत नाहीत. क्रांतिकारकांच्या यादीत बसावेत असे ते नव्हते, आणि ज्या सरकारसाठी ते लढले त्याने त्यांना साडेतीन वर्षांत घरी पाठवले. तरी तेही याच डोंगरांतले होते आणि बंडखोरांच्या आणि त्यांच्या घरांत एखाद्या भावाचाच काय तो फरक होता.

१८७३ मध्ये जांभोरीचा होन्या भागोजी केंगले हा कोळी पुढारी सावकारांविरुद्ध उठला. त्याची टोळी सावकाराच्या घरात शिरे, कर्जखते जाळे आणि कित्येकदा सावकाराचे नाक कापून जाई. पुणे, नगर आणि आसपासच्या घाटमाथ्यावर सावकार गावे सोडून पळू लागले. त्याला पकडायला सरकारला पोलिसांची खास तुकडी उभी करावी लागली, बक्षिसे लावावी लागली आणि घाटवाटा पुन्हा एकदा नव्याने शिकाव्या लागल्या. १८७६ मध्ये तो मेजर डॅनियल याच्या हाती लागला. कोळी कोअर मोडून तेव्हा पंधरा वर्षे झाली होती.